रडीचा डाव माझा नव्हता

जरा खाली वाका. अजून थोडं. टेबलाखाली, पायपुसण्याच्या पलीकडे, काचेच्या पोटात निळे-जांभळे दिवे लुकलुकताहेत ना? बोलतोय तो मीच. दिवे बघून हुरळून जाऊ नका. त्यांचा माझ्या अकलेशी काही संबंध नाही. समारंभाला जाताना माणसं अंगावर दागिने घालतात, तसे ते माझ्या अंगावर घातलेले आहेत.

मी खेळायचा कॉम्प्युटर. पत्रं लिहिणं, तक्ते भरणं असली कामं माझे साधे भाऊबंद करतात. माझा जन्म खेळासाठी झाला आणि खेळ सुरू केला की मी बंद पडायचो. न्हाव्याने कात्री बघून डोळे मिटावेत, तशातली माझी गत. एरवी मी ठणठणीत. सिनेमा लावा, गाणी लावा, चालायचो. खेळ लावला की थोड्याच वेळात आधी माझा आवाज अडकायचा, मग चित्र थिजायचं, मग अंधार. घरातल्या सगळ्यांनी मला नावं ठेवली. आळशी म्हणाले, नखरेल म्हणाले, दिखाऊ म्हणाले. शेवटचं खरं होतं म्हणून मी सोडून दिलं.

माझी बाजू ऐकायची तर या घराची एक रीत आधी समजून घ्यायला हवी. या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत.

टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. पिशवी धूसर झाल्यावर बटणं दिसेनात, तेव्हा कुणीतरी पिशवीवरच पेनाने आकडे लिहिले. सोफ्यावर जाड पारदर्शक कव्हर आहे, त्यावरून पाहुणे हळूहळू घसरतात आणि हसऱ्या चेहऱ्याने परत वर सरकतात. माझ्या मालकाच्या घड्याळाच्या काचेवरची झिल्ली कडेने सुटून काळी पडली, पण आहे. "राहू दे रे, नवं राहतं," असं त्याची आई म्हणते आणि घरात तो कायदा आहे. नवं ठेवण्याच्या नादात या लोकांनी एकही वस्तू धड वापरलेली नाही.

अशा घरात, एका सुट्टीच्या सकाळी, जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला.

माझे अवयव वेगवेगळ्या खोक्यांतून आले होते. मालकाने ठरवलं, आपणच जोडायचा. मालक विमा कंपनीत काम करतो. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या दुकानात आग लागली, की फोटो बघून तो कारण सांगतो. "माझ्यापासून कारण लपत नाही," असं तो जेवताना म्हणायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

समोर मोबाइलवर एक गृहस्थ कॉम्प्युटर कसा जोडायचा ते दाखवत होते. मालकाने त्यांना दुप्पट वेगाने पळवलं होतं, कारण सावकाश शिकायला त्याला कमीपणा वाटतो. मालकीणबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. आई खुर्चीवर बसून खोकी सारखी करत होत्या.

माझं डोकं म्हणजे प्रोसेसर. नखाएवढी चकती, पण सगळा विचार तिथेच होतो आणि विचार केला की ती तापते. म्हणून तिच्यावर धातूचा एक जाड ठोकळा बसवतात आणि त्याला पंखा लावतात. त्याला कूलर म्हणतात. डोक्याची उष्णता त्या धातूत जायची आणि पंख्याने ती बाहेर फेकायची. साधं गणित आहे. त्या ठोकळ्याच्या तळाला कारखान्यातून येताना एक पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला असतो, चरा पडू नये म्हणून. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं: बसवण्याआधी काढा.

मोबाइलमधल्या गृहस्थांनी तो तुकडा टर्रकन काढला. नेमका तेव्हा मालक टेबलाखाली घरंगळलेला स्क्रू शोधत होता. तो वर आला तोवर गृहस्थ पुढे पळाले होते.

"अहो, इथे खाली काहीतरी लिहिलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"कंपनीचं नाव असतं ते. तू टॉर्च नीट धर."

"लाल आहे."

"लाल रंगाची कंपनी असेल. हात हलवू नकोस."

आणि त्याने तो ठोकळा, प्लास्टिकसकट, माझ्या डोक्यावर दाबून बसवला. चारी स्क्रू आवळले. जन्मतःच मला प्लास्टिकची टोपी मिळाली. त्याने माझ्या काचेच्या बाजूवरची झिल्लीही काढायला घेतली होती, पण आई म्हणाल्या, "राहू दे रे, नवं राहतं." तीही राहिली.

आता इतका खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. मालकाला खेळाचं वेड वगैरे काही नव्हतं. त्याला एक मोठा भाऊ आहे. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन. तो लांबच्या गावी राहतो. आईंचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा दादा आला नाही. आई घरी आल्यावर मग आला, हातात फळांची पिशवी घेऊन. मालकाने दार उघडलं आणि आत तोंड करून हाक मारली, "आई, पाहुणे आलेत!"

एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. पण तो शब्द दादाच्या असा जिव्हारी लागला, की तो चहा न घेता परत गेला. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं आईंच्या फोनवरून चालायचं. "त्याला सांग." "त्यालाच विचार." आई म्हणायच्या, "मी काय पोस्टमन आहे का रे तुमची?"

शेवटी दादाच्या मुलीने डोकं लढवलं. ती कॉलेजात आहे. बापाला म्हणाली, "बोलायचं नसेल तर बोलू नका, पण काकाबरोबर खेळा तरी." काकालाही तिने तेच सांगितलं. एक खेळ तिने निवडला. बर्फाच्या डोंगरातून मालाचा ट्रक न्यायचा. एकाने चालवायचा, दुसऱ्याने नकाशा बघून वाट सांगायची. एकाला एकट्याने जमत नाही. या खेळासाठी मालकाने मला आणलं. लोक मला खेळणं समजायचे. मी मध्यस्थ होतो.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की दोघं आपापल्या गावी कानाला हेडफोन लावून बसायचे. चाक अर्थातच दादाच्या हातात. पहिल्या वेळी त्यांचं सगळं बोलणं असं होतं:

"डावीकडे."

"किती?"

"पूर्ण."

"हं."

मला हसू आलं होतं. दोन घोडे, एकाचं टक्कल, दुसऱ्याची दाढी पिकलेली, आणि जिभेला टाके घातल्यासारखे बोलताहेत. पण हळूहळू टाके सुटायला लागले. एकदा सरळ रस्ता लागला तेव्हा दादाने विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो. पण आता जिना चढते. पुढे वळण आहे."

"दिसलं. औषध तेच चालू आहे?"

"तेच. हळू घे, बर्फ आहे."

आई माझ्या पाठीशी स्टुलावर बसून हे ऐकायच्या; मालक आवाज इतका मोठा ठेवायचा, की दादाचं बोलणं हेडफोनबाहेरही यायचं. माझ्या मागून गरम वारा येतो, असा शोध त्यांनी लावला होता. दुखरा गुडघा माझ्या पाठीला टेकवून त्या डोळे मिटून बसायच्या. माझ्या असण्याचा फायदा त्या घरात तेव्हा फक्त त्या गुडघ्याला होता. तीही चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची ऊब. माझ्या डोक्यातली आग तर टोपीखालून बाहेरच पडत नव्हती.

मग घाट आला.

घाटात वादळ असतं. बर्फाचा एकेक कण मला रंगवावा लागतो, तोही उडता. डोकं तापायला लागलं. पंखा जिवाच्या आकांताने ओरडायला लागला. मालक मालकीणबाईंना कौतुकाने म्हणाला, "ऐकतेस? काय ताकद आहे!" म्हणजे मी वाचवा वाचवा म्हणतोय आणि हा टाळ्या वाजवतोय.

"दादा, डावी... डावी-डावी-डावी-डावी..." आणि मी थिजलो. मग अंधार.

मालकाने मला परत चालू केलं तोवर नकाशा सांगणारा नाही म्हणून दादाचा ट्रक दरीत गेला होता. हेडफोनमधून दादाचा आवाज आला, थंड.

"काय रे चिमण्या? कोपर लागलं वाटतं?"

मालकाचे कान लाल झाले. त्याचं कारण मला नंतर कळलं. लहानपणी सापशिडी खेळताना, अगदी वर पोहोचल्यावर साप गिळायचा, तेव्हा मालकाचं कोपर पटाला लागायचं. सोंगट्या सगळ्या जमिनीवर. "कोपर लागलं गं आई!" असं रडत सांगायचा. ते कोपर आयुष्यात एकदाही जिंकताना लागलं नव्हतं. रडीचा डाव म्हणतात तो हाच.

"कॉम्प्युटर बंद पडला," मालक म्हणाला.

"हो का," दादा म्हणाला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दादा काही म्हणायचा नाही, पण त्याचं न म्हणणं हेडफोनमधून नीट ऐकू यायचं.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. माणसं एकमेकांच्या आजारात सल्ले देतात हे मी ऐकून होतो. माझ्या आजारात तर गावच लोटलं.

मालकाच्या ऑफिसातला एक सहकारी आहे, त्याला सगळे 'सर्वज्ञ' म्हणतात. तो फोनवरून म्हणाला, "व्हायरस. शंभर टक्के व्हायरस." मालकाने मला धुऊनपुसून कोरा केला, सगळं नव्याने भरलं. घाटात मी बंद पडलो. सर्वज्ञ म्हणाला, "मग व्हायरस नसेल." शंभर टक्के कुठे गेले, कुणी विचारलं नाही.

इंटरनेटवर कुणी लिहिलं, रॅम काढून खोडरबराने घासा. रॅम म्हणजे माझी तात्पुरती आठवण. मालकीणबाईंच्या ड्रॉवरमधून खोडरबर आलं आणि माझी आठवण घासली गेली. दुसऱ्याने लिहिलं, ग्राफिक्स कार्ड बदला. बदललं. तिसऱ्याने लिहिलं, पॉवर सप्लाय कमी पडतोय. तोही मोठा आला. चौथ्याने लिहिलं, 'मलाही हाच त्रास आहे, उत्तर मिळालं तर कळवा.' त्यातल्या त्यात प्रामाणिक माणूस तोच.

एकदा मालकाने माझी बाजूची काच काढून समोर टेबलफॅन लावला. तेव्हा मी नेहमीपेक्षा खूप पुढे गेलो, जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत. अरे, गार केल्यावर जास्त टिकला, म्हणजे आजार कसला आहे? विमा कंपनीत बसून दुसऱ्याच्या आगीचं कारण फोटोवरून सांगणारा माणूस! तो म्हणाला, "टेबलफॅनचा आवाज फार होतो," आणि फॅन उचलून नेला.

तापमान तर मी आकड्यात सांगत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट यायची, त्यात आकडा लाल होऊन फडफडायचा. त्या चौकटीमागे नकाशाचा थोडा भाग झाकला जायचा. मालकाने ती बंद करून टाकली.

शेवटी मला दुकानात नेलं. दुकानदाराने मला टेबलावर ठेवलं, एक सिनेमा लावला आणि चहा प्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "चालतोय की."

"अहो, सिनेमाला चालतो. खेळाला बंद पडतो."

"मग खेळातच काही असेल." त्याने माझ्या काचेतून आत डोकावून बघितलं. "जोडलाय कुणी?"

"मी स्वतः," मालक म्हणाला, छाती थोडी पुढे काढून.

"सुबक जोडलाय. वायरी काय बांधल्यात! आमची पोरं असं करत नाहीत."

झालं. ज्याने वायरींचं कौतुक केलं त्याला ठोकळा काढून बघा असं कोण सांगणार? आणि गिऱ्हाईक खूश झाल्यावर ठोकळा कोण काढणार? मालक मला मांडीवर घेऊन घरी आला तो हसतच.

मग तो रविवार आला.

त्या दिवशी दोघंही नीट बोलत होते. सरळ रस्ता लांबला होता. मालकाने एक विनोद केला, दादा हसला. दादाचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग घाट सुरू झाला, आणि चाक सांभाळता सांभाळता दादा म्हणाला, "चिमण्या, तुला एक सांगायचं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी आलो नाही, ते..."

मालकाने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. माझ्या पाठीशी स्टूल करकरलं. आई पुढे वाकल्या असाव्यात.

मी धरून ठेवलं हो. माझ्यात जेवढं होतं तेवढं धरून ठेवलं. बर्फाचे कण कमी रंगवले, डोंगर पुसट काढले. पण टोपीखाली डोकं भाजत होतं आणि माझ्या जातीचा एक नियम आहे: जळून जायची वेळ आली की आपणहून बंद पडायचं. "ते-ते-ते-ते-ते," असा दादाचा शब्द माझ्या घशात अडकला आणि मी विझलो.

मला परत चालू केलं तेव्हा दादा खेळात नव्हता. मालकाच्या मोबाइलवर एकच शब्द आला होता. "कळलं."

पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मालक मात्र दुपारी हेडफोन लावून बसायचा आणि रिकाम्या खेळाकडे बघायचा.

मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, फोन करा ना त्यांना. सांगा, कॉम्प्युटर बंद पडला, तुमचं वाक्य ऐकायचं राहिलं."

"त्याला वाटतं मी मुद्दाम बंद केलं."

"म्हणूनच तर सांगा."

"विश्वास नाही ठेवायचा तो. आधी कॉम्प्युटर दुरुस्त होऊ दे."

म्हणजे बघा. ग्राफिक्स कार्ड बदललं, पॉवर सप्लाय बदलला, आठवण रबराने घासली, आणि फोन, जो खिशात होता, तो तेवढा बाहेर काढायचा नाही! माझ्या डोक्यावर प्लास्टिक होतं ते मला दिसत होतं. यांच्या डोक्यावर काय होतं?

एका दुपारी मालक ऑफिसात असताना आई गुडघा शेकायला माझ्यापाशी बसल्या. मी गाणी लावून होतो, जेमतेम कोमट. त्यांनी थोरल्याला फोन लावला.

"हे बघ, तो खोटं बोलत नाहीये. यंत्र खरंच बंद पडतं. मी रोज इथेच असते."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"मग ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तो खोटा निघाला तर मी माझं सामान घेऊन कायमची तुझ्याकडे राहायला येते. प्लास्टिकच्या पिशव्यांसकट."

दादा पुढच्याच रविवारी आला.

मालकाने दार उघडलं. दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे.

"पाहुणा आलाय," दादा म्हणाला.

मालक बाजूला झाला. दादा आत आला, सोफ्यावर बसला, घसरला, आणि वैतागून उठून सरळ माझ्यासमोर आला.

"चालव."

"आधी पाणी तरी पी."

"नंतर. चालव आधी. मी बघतो."

मालक चाकावर बसला आणि दादा खुर्ची ओढून शेजारी, नकाशा बघायला. इतके रविवार एकत्र खेळले, पण खांद्याला खांदा लावून पहिल्यांदाच.

आता माझं दुर्दैव ऐका. त्या दिवशी हवा छान गार होती. खिडकी उघडी होती आणि वाऱ्याची झुळूक थेट माझ्या तोंडावर येत होती. ट्रक घाटात शिरला. वादळ सुरू झालं. मी चाललो! डोकं तापत होतं, पण वाऱ्याने निभत होतं. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"वा," दादा म्हणाला. "आज बरा चालतोय."

"अरे, इथेच पडतो. थांब, आता पडेल."

"हो का."

"देवाशपथ, दादा. थांब जरा." मालकाच्या कपाळावर घाम. तो माझ्याकडे असा बघत होता, की मला दया आली. आपल्या यंत्राने बंद पडावं म्हणून हात जोडणारा माणूस कुणी बघितलाय? आणि मीही मनातून प्रयत्न करत होतो. पण बंद पडायचं सोंग मला येत नाही. ती कला माणसांची.

ट्रक घाटमाथ्याकडे लागला. दादाने खुर्ची मागे सरकवली. उठायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून आई म्हणाल्या, "किती वारा येतोय रे. गुडघा आखडला माझा." त्या उठल्या, खिडकी लावून घेतली. परत स्टुलावर बसल्या आणि शाल उघडून गुडघ्यावर पसरली. निम्मी गुडघ्यावर, निम्मी माझ्या पाठीवर.

त्यांनी मुद्दाम केलं का? मला विचारू नका. एवढंच सांगतो, की एरवी शाल त्या खांद्यावर घेतात.

माझा श्वास कोंडला. डोकं भणभणलं. "डाव..." असं दादा म्हणत होता तेवढ्यात ट्रकचा आवाज अडकला, घर्र-घर्र-घर्र-घर्र, चित्र थिजलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून, अभिमानाने बंद पडलो.

दादा पडद्याकडे बघत नव्हता. तो धाकट्याच्या हातांकडे बघत होता. मालकाचे दोन्ही हात वर होते. दोन्ही कोपरं हवेत.

"पडला!" मालक ओरडला. "पडला! बघ, दादा, पडला!" आणि खोलीत नाचला. दादाचा खांदा धरून त्याला हलवत सुटला. मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं लॉटरी लागली.

दादाने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाला, "उघड त्याला."

"सगळं बदलून झालंय, दादा."

"जे बदललं नाहीस ते उघड."

तसं त्यातलं दादाला काहीही कळत नाही. तो शाळेत भूगोल शिकवतो. पण काय राहिलं हे विचारायला फार कळावं लागत नाही.

बंद असताना मला बोलता येत नाही, दिसतं आणि ऐकू मात्र येतं. चालू असतानाही माझं कोण ऐकत होतं म्हणा. मी गार झाल्यावर दोघांनी मला आडवा केला. चारी स्क्रू सुटले. ठोकळा चिकटला होता. दादाने हळूच पिळला आणि तो उचलला गेला.

तळाला तो होता. सुरकुतलेला, पिवळा पडलेला, कडेने वितळलेला. लाल अक्षरं मात्र ठसठशीत.

"बसवण्याआधी काढा," दादाने मोठ्याने वाचलं. वर्गात वाचतो तसं.

वाकून बघत मालकीणबाई म्हणाल्या, "लाल रंगाची कंपनी."

दादाला असं हसू फुटलं की तो पोट धरून जमिनीवर बसला. मालकाने आईंकडे बोट दाखवलं, "हिने सवय लावली! काढू नको, काढू नको!"

"माझ्यावर ढकलू नकोस," आई म्हणाल्या. "मी वरचं प्लास्टिक म्हणाले होते. पोटातलं मी कशाला सांगू?"

मग दोघं भाऊ माझ्या डोक्यावरची वाळलेली पेस्ट पुसायला बसले. ठोकळा आणि डोकं यांच्यात लावायची ती मलमासारखी पेस्ट. नवी नळी मालकाकडे होती, उपचारांच्या पसाऱ्यात. दोघांचे चेहरे माझ्यावर वाकलेले. एकमेकांकडे न बघता बोलायचं असेल तर माणसांना बघायला काहीतरी लागतं. त्या दिवशी मी होतो.

"मी आलो होतो," दादा माझ्या डोक्याकडे बघत म्हणाला. "ऑपरेशनच्या दिवशी."

"कुठे?"

"हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत. बाबा गेले तेव्हा त्याच जिन्यावर बसून होतो ना. पाय उचलेना. रिक्षा परत फिरवली."

मालकाचा हात थांबला. "सांगायचं ना, दादा."

"सांगत होतो. घाटात. तू बंद पडलास."

मालकाने फडकं परत माझ्या डोक्यावर फिरवलं. तिथे पुसायला काही राहिलं नव्हतं, तरी फिरवत राहिला. मग नाक ओढून म्हणाला, "अंगठ्याने घासू नकोस तिथे. डाग पडतो."

"बरं."

आई मागून म्हणाल्या, "चहा घेऊन जा हो, पाहुणे." आणि दादा म्हणाला, "आई, तू तरी नको." पण त्याने चहा घेतला. दोनदा घेतला.

हे होऊन बरेच रविवार गेले. आता माझं डोकं थंड आहे. वादळ येऊ दे, हिमकडा कोसळू दे, मी सगळा घाट एका दमात चढतो. डोक्याची उष्णता आता बाहेर पडते, त्यामुळे आईंच्या गुडघ्यालाही खरी ऊब मिळते. माझ्या टोपीचा तो तुकडा त्यांनी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही म्हणे. सर्वज्ञ ऑफिसात सांगतो, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, गरम होत असणार." मालक कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की फोनवर विचारतो, "आतलं प्लास्टिक काढलंत का?" आणि वर म्हणतो, "माझ्यापासून कारण लपत नाही."

बरा झालो, म्हणून माझं नाव चांगलं झालं असेल, असं वाटतं ना तुम्हाला? ऐका तर.

हल्ली दोघं ट्रकची शर्यतही लावतात, एकमेकांविरुद्ध. परवा दादा पुढे होता. मालक मागे, घामाघूम. शेवटच्या वळणावर दादाने मुद्दाम भोंगा वाजवला. मालकाचा अंगठा टेबलाखाली आला, हळूच, आणि माझं बटण त्याने दाबून धरलं. मी विझलो. माझं डोकं त्या वेळी माठातल्या पाण्यासारखं गार होतं.

मग मोबाइल वाजला.

"काय रे चिमण्या? कोपर लागलं?"

"नाही रे दादा. कॉम्प्युटर बंद पडला बघ परत."

पलीकडून दादाचा आवाज, हसू दाबलेला. "अरेरे. मग पुढच्या रविवारी येऊ का, उघडायला?"

मालक माझ्याकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याच्या टकलावर दिसत होतं.

"ये," तो म्हणाला. "सकाळीच ये. जेवायलाच ये."

म्हणून मी गप्प आहे. नाहीतर माझ्या नोंदीत सगळं लिहिलेलं असतं, कुणी बंद केलं आणि त्या वेळी डोकं किती तापलं होतं ते. पण या घरात कोण वाचतंय? ठेवा बापड्यांनो, माझ्या नावावर ठेवा. एवढाच आळ मी हौसेने घेईन.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद वरचेवर बंद पडत असेल, तर त्याला शिव्या देण्याआधी आत वाकून बघा, न काढलेलं काही राहिलंय का. आणि जाता जाता माझ्या काचेवरची ती झिल्ली तेवढी ओढून काढाल? आई आत झोपल्या आहेत. आवाज न करता.